ओव्याहून एक रविवार मुंबईच्या क्वीअर इतिहासासाठी

मुंबईत समलिंगी लोकांची पेठ शोधायला निघालेल्या माणसाला ती सापडत नाही. दादरला पारशांची कॉलनी आहे, धोबीतलावला गोवेकरांचे कूड आहेत, गिरणगावात कोकणातल्या गावांच्या नावाने खोल्या होत्या. गे, लेस्बियन आणि पारलिंगी माणसांनी मिळून वसवलेला मोहल्ला मात्र या शहरात कधी झाला नाही.

सॅन फ्रान्सिस्कोत तो झाला. १९७०च्या दशकात कॅस्ट्रो भागात समलिंगी पुरुषांनी घरे घेतली, दुकाने थाटली. तिथल्याच एका कॅमेरा दुकानाचा मालक हार्वे मिल्क १९७७ मध्ये नगरमंडळावर निवडून आला. १९८९ मध्ये ट्रेव्हर हेली या बाईंनी त्या भागाची पायी सफर सुरू केली आणि पर्यटक पैसे देऊन तो इतिहास ऐकू लागले. न्यूयॉर्कच्या ग्रेनिच व्हिलेजमध्ये २८ जून १९६९ च्या पहाटे पोलिसांच्या छाप्याला विरोध झाला, ते ‘स्टोनवॉल इन’ आणि त्याचा परिसर २०१६ मध्ये राष्ट्रीय स्मारक ठरला. अशा ठिकाणी गाइड दोन गल्ल्या फिरवतो आणि सगळी गोष्ट सांगून होते.

मुंबईत दहा बाय दहाच्या खोलीत आईवडील, भावंडे आणि एखादा काका राहत असताना वेगळे घर कुणाला परवडणार होते? त्यामुळे इथला क्वीअर इतिहास घरांत कमी आणि ये-जा करण्याच्या जागांत जास्त घडला. स्टेशन, चित्रपटगृह, समुद्राचा कठडा, बार, कोर्ट आणि मैदान हेच त्याचे पत्ते. एकमेकांपासून दूर असलेले हे पत्ते जोडायला गाडी, मेट्रो आणि पाय तिन्ही लागतात. नवी मुंबईतल्या ओवे, पेठ, तळोजे या पट्ट्यातून मुंबईला रोज जाणाऱ्यांना त्याची सवय असतेच.

निघण्याआधी

मुंबईत ‘नो फूटप्रिंट्स’ या संस्थेने ‘क्वीअर्स डे आउट’ नावाची फेरी चालवली आहे. दिल्लीत मेहरौलीतील जमाली-कमाली मकबरा आणि ‘हिजडों का खानकाह’ दाखवणाऱ्या फेऱ्या निघतात. तयार फेरीत जायचे असेल तर तारीख, भाषा आणि शुल्क आधी विचारून घ्यावे. चार-पाच मित्रमैत्रिणींनी आपली आपण फेरी करायची असेल, तर खाली दिलेला मार्ग एका दिवसात होतो. मिळून आठ-नऊ किलोमीटर चालणे पडते. गुडघे कुरकुरणाऱ्या मंडळींनी त्याचे दोन रविवार करावेत.

ओव्याहून बेलापूरपर्यंत नवी मुंबई मेट्रो सोयीची आहे. बेलापूर ते पेंधर हा ११ स्थानकांचा मार्ग १७ नोव्हेंबर २०२३ पासून सुरू आहे. पुढे हार्बरची गाडी तास-सव्वा तासात सीएसएमटीला सोडते. रविवारी हार्बरवर मेगाब्लॉक असेल तर तो साधारण सकाळी अकरापासून दुपारी चारपर्यंत असतो. आदल्या दिवशी वेळापत्रक पाहून सकाळी लवकर निघावे आणि परतीची गाडी संध्याकाळची धरावी. ब्लॉकचा वेळ फेरीतच जातो.

फेरीच्या आधी थोडे वाचले-पाहिले तर रस्ता बोलका होतो. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ मध्ये रंगभूमीवर आले आणि त्यात एका स्त्रीचे स्त्रीवरचे प्रेम उघडपणे समोर आले. जब्बार पटेलांच्या १९८२च्या ‘उंबरठा’मध्येही महिलाश्रमातल्या अशा नात्याचा प्रसंग आहे. बिंदुमाधव खिरे यांची ‘पार्टनर’ आणि सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्ल्यू’ या कादंबऱ्या, तसेच लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ हे आत्मकथन मराठीत सहज मिळते.

पहिला टप्पा: सीएसएमटी ते गेटवे

पहिला थांबा स्टेशनाच्या जवळच आहे. ‘न्यू एम्पायर’ हे जुने चित्रपटगृह २०१४ मध्ये बंद पडले. दीपा मेहतांचा ‘फायर’ हा दोन जावांच्या प्रेमाचा चित्रपट लागला असताना डिसेंबर १९९८ च्या सुरुवातीला शिवसैनिकांनी या चित्रपटगृहात आणि गोरेगावच्या सिनेमॅक्समध्ये खेळ बंद पाडले. चित्रपट पुन्हा सेन्सॉर मंडळाकडे गेला आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये काटछाट न होता परत पडद्यावर आला. ‘लेस्बियन’ हा शब्द वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आणि घरच्या टीव्हीवर एकदम पोचला तो त्या गदारोळात. त्याआधीच, १९९५ मध्ये, मुंबईत ‘स्त्री संगम’ हा लेस्बियन आणि उभयलिंगी स्त्रियांचा गट सुरू झाला होता. पुढे तो ‘लाबिया’ या नावाने ओळखला गेला.

गाइडला इथे एक प्रश्न जरूर विचारावा: या फेरीत बायका कुठे आहेत? रात्रीचे कठडे, बार आणि स्टेशने पुरुषांच्या ताब्यातली. स्त्रिया भेटत त्या एकमेकींच्या घरी, चळवळीच्या बैठकांत, पत्रांतून. त्यांच्या जागांवर पाटी लावता येत नाही, म्हणून त्यांची गोष्ट चालता चालता वेगळी सांगावी लागते. ती न सांगणाऱ्या फेरीत निम्मा इतिहास राहून जातो.

फोर्टच्या गल्ल्यांतून हुतात्मा चौकाकडे जाताना ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’ची आठवण काढावी. इंदिरा जयसिंग आणि आनंद ग्रोव्हर यांनी १९८१ मध्ये उभी केलेली ही वकिलांची संस्था. एचआयव्हीबाधितांचे खटले लढता लढता तिच्या वकिलांना दिसले, की समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या भीतीने पुरुष दवाखान्यातही खरे बोलत नाहीत. मग ‘नाझ फाउंडेशन’च्या वतीने २००१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात याचिका गेली. २ जुलै २००९ ला निकाल बाजूने लागला, ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने प्रौढांमधले परस्परसंमतीचे संबंध गुन्ह्यातून काढले. त्या पीठावर न्या. अजय खानविलकर आणि न्या. धनंजय चंद्रचूड हे दोन मराठी न्यायमूर्ती होते. याचिकाकर्त्यांत ‘बॉम्बे दोस्त’ मासिक काढणारे मुंबईचे अशोक राव कवी होते.

हुतात्मा चौकातून ओव्हल मैदानाच्या बाजूला गेले की १८७८ मध्ये पूर्ण झालेली उच्च न्यायालयाची इमारत समोर येते. रविवारी आत जाता येत नाही, पण मैदानाच्या कडेने ती छान दिसते. मराठी वाचकासाठी फेरीतली सर्वात मोलाची गोष्ट इथे उभे राहून सांगावी. रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ ते १९५३ ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढत होते आणि वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना न लाजता उत्तरे देत होते. त्या प्रश्नांत समलिंगी आकर्षणाचेही प्रश्न होते. १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा मुंबईच्या कोर्टात त्यांच्या बाजूने उभे राहिले ते बॅ. भीमराव आंबेडकर. लैंगिक प्रश्नांवर लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद होता. कर्वे खटला हरले आणि त्यांना २०० रुपये दंड झाला. ‘हे सगळे पाश्चात्त्यांचे फॅड’ असे फेरीत कुणी म्हणाले, तर त्याला ही तारीख सांगावी.

काळा घोड्याला चित्रकार भूपेन खख्खर यांच्यासाठी थांबावे. १९३४ मध्ये गिरगावच्या खेतवाडीत जन्मलेले खख्खर पेशाने हिशेबनीस होते, मग बडोद्याला गेले आणि चित्रकार झाले. त्यांचे ‘यू कान्ट प्लीज ऑल’ हे १९८१ चे चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे. त्यात बाल्कनीत उभा असलेला नग्न पुरुष बाप-लेक आणि गाढवाची जुनी गोष्ट खाली घडताना पाहतो आहे. भारतीय चित्रकलेत समलिंगी पुरुषाने स्वतःला इतके उघड मांडण्याचा तो पहिल्या काही प्रसंगांपैकी एक. २००३ मध्ये, त्यांच्या निधनाच्या वर्षी, रीगलसमोरच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. हे संग्रहालय सोमवारी बंद असते. रविवारी अर्धा तास काढून आत डोकवायला हरकत नाही.

कुलाबा कॉजवेवरून पुढे आर्थर बंदर रोड लागतो. इथे १९७०च्या दशकात ‘स्लिप डिस्क’ नावाचा क्लब होता. लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट १९७२ मध्ये तिथे वाजवून गेले. त्याच जागेत नंतर ‘वूडूज’ हा बार आला आणि त्याची शनिवारची रात्र समलिंगी पुरुषांची म्हणून शहरभर ठाऊक झाली. कारकून, विद्यार्थी, परदेशी पाहुणे आणि उपनगरातून शेवटच्या गाडीच्या हिशेबाने आलेली पोरे एका छपराखाली नाचत. बार आता नाही. रस्त्यावरून पाहायलाही फारसे काही नाही. गाइड चांगला असेल तर इथे दहा मिनिटे बोलतो.

तिथून गेटवे पाच-सात मिनिटांवर. समुद्राकाठचा कठडा ही अनेक वर्षे पुरुषांच्या ओळखी होण्याची जागा होती. तिथेच खंडणी मागणारे आणि धमकावणारेही फिरत. कायदा डोक्यावर असेपर्यंत तक्रार करायला जाणाऱ्यालाच आधी उत्तर द्यावे लागे. जेवणाची सुट्टी इथे घ्यावी. स्वच्छतागृह, पाणी आणि सावली या तिन्हींची सोय दक्षिण मुंबईत इथून पुढे विरळ होते.

दुसरा टप्पा: ग्रँट रोड ते आझाद मैदान

गेटवेहून चर्चगेटला यावे, तिथून ग्रँट रोडला लोकल आहे. ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रो ३ देखील हुतात्मा चौक आणि चर्चगेटवरून ग्रँट रोडला नेते. चर्चगेट स्टेशनात शिरताना माहीत असावे, की आर. राज राव यांची ‘द बॉयफ्रेंड’ ही २००३ ची कादंबरी याच स्टेशनावरच्या एका भेटीने सुरू होते. चाळिशीचा पत्रकार आणि दलित वस्तीतला तरुण यांचे नाते त्यात आहे. जात, पैसा आणि लोकल गाडी या तीन गोष्टी या शहराच्या समलिंगी आयुष्यातून वगळता येत नाहीत, हे ती कादंबरी दाखवते.

ग्रँट रोडहून नाना चौकामार्गे पंधरा मिनिटांत ऑगस्ट क्रांती मैदान येते. ८ ऑगस्ट १९४२ चे ‘छोडो भारत’ हे सगळ्यांना पाठ असते. १६ ऑगस्ट २००८ ची तारीख कमी लोकांना ठाऊक आहे. त्या दिवशी, स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी, ‘क्वीअर आझादी मुंबई’चा मोर्चा या मैदानातून गिरगाव चौपाटीकडे निघाला. १८६०च्या भारतीय दंडविधानातले कलम ३७७ हटवण्याची मागणी इंग्रजांना ‘चले जाव’ सांगितलेल्या मैदानातून करण्यात नेमका निशाणा होता. पुढे हा मोर्चा जानेवारी-फेब्रुवारीत निघू लागला. २०२० मध्ये या मैदानाची परवानगी मिळाली नाही, तेव्हा लोक आझाद मैदानावर जमले.

मैदानातून गावदेवीमार्गे चौपाटीला उतरावे. २००८ चा मोर्चाही याच बाजूला आला होता. समोर विल्सन कॉलेज आहे. कर्वे इथेच गणित शिकवत. संततिनियमनावर जाहीर बोलू लागल्यावर त्यांना नोकरी सोडावी लागली. सकाळी कोर्टासमोर सुरू झालेली त्यांची गोष्ट इथे पुढे सांगता येते.

चर्नी रोडकडे वळण्याआधी रॉयल ऑपेरा हाऊस पाहून घ्यावे. १९११ मध्ये उद्घाटन झालेल्या आणि २०१६ मध्ये पुन्हा उघडलेल्या या नाट्यगृहात बालगंधर्वांचे प्रयोग झाले. फेरीतला कुणीतरी हमखास विचारतो: बालगंधर्व ‘तसे’ होते का? स्त्रीपार्टी नट त्या काळच्या रंगभूमीची गरज होती. भूमिका करणे आणि स्वतःची लैंगिकता यांचा आपोआप संबंध लागत नाही. ज्याने स्वतःबद्दल काही सांगितले नाही, त्याच्यावर मेल्यानंतर शिक्का मारू नये. गाइड टाळ्यांसाठी अशी नावे घेत असेल, तर त्याच्या बाकीच्या गोष्टीही तपासून घ्याव्यात. वेळ उरला तर जवळच खेतवाडीच्या गल्ल्या आहेत, भूपेन खख्खरांच्या जन्माच्या.

चर्नी रोडहून एक स्टेशन पुढे मरीन लाइन्सला उतरले की ‘लिबर्टी’ चित्रपटगृह दिसते. १९४९ मध्ये सुरू झालेल्या या देखण्या वास्तूत ‘हम आपके हैं कौन’ वर्षानुवर्षे चालला. श्रीधर रंगायन यांनी २०१० मध्ये सुरू केलेला ‘कशिश’ हा क्वीअर चित्रपट महोत्सव २०१४ मध्ये इथे आला. ‘न्यू एम्पायर’मधल्या तोडफोडीनंतर सोळा वर्षांनी, त्याच दक्षिण मुंबईत, मोठ्या पडद्यावर अशा चित्रपटांसाठी लोक रांगेत उभे राहिले. लिबर्टीहून मेट्रो चौक आणि आझाद मैदानाच्या कडेने वीस-पंचवीस मिनिटांत सीएसएमटी येते. तिथे पनवेलची गाडी धरावी.

गाइड कसा निवडावा

फेरीचे पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. फेरी सांगणारी व्यक्ती स्वतः समुदायातली आहे का, किंवा समुदायातल्या संस्थांना या उत्पन्नातून काही मिळते का? गट किती मोठा? बारा-पंधरापेक्षा जास्त माणसे असली तर फोर्टच्या फुटपाथवर मागच्याला काही ऐकू येत नाही. छायाचित्रांबाबत नियम काय? आणि फेरी कुणाच्या घरात, डेऱ्यात किंवा दवाखान्यात नेते का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर नीट चौकशी करावी. हिजड्यांच्या घराण्यांचा इतिहास मुंबईत जुना आहे आणि भेंडीबाजारवाले, पूनावाले ही घराणी प्रसिद्ध आहेत. पण कामाठीपुऱ्यात किंवा एखाद्या गुरूच्या घरी ‘बघायला’ जाणे म्हणजे माणसांचे प्रदर्शन मांडणे. बोलावणे असेल आणि त्या वेळेचा मोबदला दिला जात असेल, तरच जावे. हेच ‘हमसफर ट्रस्ट’बद्दल. १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे मासिक सुरू करणाऱ्या अशोक राव कवींनी १९९४ मध्ये ही संस्था काढली आणि लवकरच महापालिकेने तिला सांताक्रूझच्या वाकोल्यात जागा दिली. इतिहासाच्या दृष्टीने तो पत्ता महत्त्वाचा आहे. पण तिथे लोक तपासणीला आणि समुपदेशनाला येतात. ओळखीचे डोळे टाळून आलेल्या माणसासमोर पर्यटकांचा घोळका उभा करू नये.

वागण्याचे काही नियम

फेरीत कुणालाही ‘तू नक्की कोण?’ असे विचारू नये. मित्राला सोबत देणारा, बहिणीला समजून घेऊ पाहणारा, अजून घरी काही न सांगितलेला, असे सगळे एकाच गटात चालत असतात. ज्याने जे नाव सांगितले त्याच नावाने हाक मारावी. फोटोत दुसऱ्याचा चेहरा येत असेल तर आधी विचारावे. समाजमाध्यमावर टाकण्यासाठी पुन्हा विचारावे. ओव्यासारख्या ठिकाणी, जिथे गावकी आणि सोसायटीचा व्हॉट्सअॅप गट यांत अंतर कमी असते, एका फोटोने एखाद्याचे भाड्याचे घर जाऊ शकते.

आईवडिलांना आणायचे असेल तर आधी त्यांना मार्ग सांगावा, अचानक चकित करू नये. कोर्ट, कर्वे-आंबेडकर आणि ऑगस्ट क्रांती मैदान हे थांबे त्यांच्या ओळखीचे असतात. तिथून बोलणे सोपे जाते.

कायद्याबाबत एवढे माहीत असावे. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली आणि तिच्यात कलम ३७७ सारखी तरतूद नाही. १५ एप्रिल २०१४ च्या ‘नालसा’ निकालाने पारलिंगी व्यक्तींना आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य झाला. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली नाही. गटाने चालणे आणि बोलणे ही फेरी असते. फलक, घोषणा आणि ध्वनिवर्धक आले की तो मोर्चा होतो आणि पोलीस परवानगीचा प्रश्न येतो.

हवामानाचा विचार केला तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चालायला सर्वात बरा. फेब्रुवारीच्या आसपास प्राइडचे कार्यक्रम असतात. मोर्चाच्या दिवशी ऑगस्ट क्रांती मैदानाच्या भागात वाहतूक अडते, म्हणून फेरी आदल्या आठवड्यात ठेवून मोर्चाला वेगळे जावे. ‘कशिश’ मे-जूनच्या सुमारास भरतो. उन्हात आठ किलोमीटर नको असतील, त्यांनी त्या वेळी फक्त महोत्सवाचे तिकीट काढावे आणि खेळ लिबर्टीत असेल तर सीएसएमटीहून लिबर्टीपर्यंतचा शेवटचा टप्पा तेवढा उलट दिशेने चालावा.